गाड्या नसलेला बाजार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी भाषण करणारी बाई नव्हे. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. त्यानंतर बोलले ते स्वयंपाकघरात, नळावर आणि भाजीवालीशी. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या लांब सिक्कीमला जाऊन आलात, तिथलं काही सांगा." मी म्हटले, तिथले डोंगर आणि देवळे सांगणाऱ्या पुष्कळ जणी भेटतील. मी सांगेन तो तिथला बाजार. बाईमाणूस कुठेही गेले तरी बाजारच पाहणार, असे आमचे हे म्हणतात. ते खरेच आहे.

मी तिथे सहलीला गेले नव्हते. माझा धाकटा भाऊ लष्करात आहे. त्याची नेमणूक तेव्हा गंगटोकला होती आणि भावजय दिवसांत होती. तिला आई नाही. तेव्हा २०२२ ची भाऊबीज आटोपली आणि मी डिंक, खारीक, आळीव, बाळंतशोपा असे गाठोडे बांधून निघाले. कोलकात्याहून पुढे न्यू जलपायगुडी, आणि तिथून जीपगाडीने चार-पाच तास तिस्ता नदीच्या काठाकाठाने वर. रस्ता असा, की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल नदी. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसले होते, म्हणून त्या वाटेचे वर्णन माझ्याजवळ मागू नका.

गंगटोक ही सिक्कीमची राजधानी. सिक्कीम पूर्वी वेगळे राज्य होते, तिथे राजा होता. १८९४ साली त्या राजाने आपले ठाणे गंगटोकला आणले. पुढे १९७५ साली सिक्कीम आपल्या देशाचे बाविसावे राज्य झाले. राजधानी म्हटल्यावर मला वाटले होते, मुंबईसारखे काही असेल. पण २०११ च्या खानेसुमारीत तिथली वस्ती लाखभर भरली. साडेपाच हजार फुटांच्या आसपास उंची, डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेली घरे. एका घराचे छप्पर आणि वरच्या घराचे अंगण एका पातळीत. सपाट जागा म्हणून दिसायची नाही. अशा गावात बाजार भरवायचा कुठे? तर डोंगराच्या कुशीत एक बरासा सपाट पट्टा आहे, तिथे जुनी पेठ आहे. तिला आता महात्मा गांधी मार्ग म्हणतात. एका टोकाला गांधीजींचा पुतळा आहे. गावातली माणसे नुसते एम. जी. मार्ग म्हणतात.

भावाने पहिल्यांदा मला तिथे नेले तो मंगळवार होता. मंगळवारी तिथला बाजार बंद असतो, हे तो विसरला होता. सगळ्या दुकानांची दारे लावलेली. मी म्हटले, "अरे, बंद बाजारात मला काय दाखवतोस?" पण मग मी पाहिले, की दुकाने बंद असूनही रस्ता माणसांनी भरलेला आहे. मधोमध फुलझाडांची रांग, तिच्या कडेने बाके, आणि बाकांवर माणसे बसलेली. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, कॉलेजची मुले. लहान पोरे मोकळी पळत होती आणि त्यांच्या आया त्यांच्याकडे पाहतही नव्हत्या. मला कळेना, की ह्या बाया एवढ्या निर्धास्त कशा? मग ध्यानात आले. तिथे गाडीच नव्हती. मोटार नाही, स्कूटर नाही, रिक्षा नाही. भोंग्याचा आवाज नाही. माणसांच्या बोलण्याचाच काय तो आवाज.

भाऊ म्हणाला, पूर्वी इथूनही गाड्या जात. २००८ च्या सुमारास हा रस्ता फरशा बसवून नव्याने बांधला आणि गाड्यांना बंद केला. नुसत्या गाड्याच नाहीत, तर कचरा टाकणे आणि थुंकणे हेही तिथे बंद. देशातला पहिला असा रस्ता म्हणून त्याचे नाव आहे. मैत्रिणींनो, मी त्या फरशीवर पानाची पिचकारी शोधली. अगदी कोपरे पाहिले. आपल्या पेठेत ती शोधावी लागत नाही. सिक्कीमने प्लॅस्टिकच्या पिशव्यांना १९९८ सालीच बंदी घातली, आणि २०२२ च्या जानेवारीपासून लहान बाटल्यांतल्या विकतच्या पाण्यालाही. मी घरून स्टीलचा तांब्या नेला होता, त्याला भाऊ हसला होता. तिथे तोच उपयोगी पडला.

भावजय सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. मग रोज दुपारी तिला आणि बाळाला निजवले, की औषध, दूध, भाजी आणायला मी एकटी बाहेर पडू लागले. एम. जी. मार्गाच्या खाली पायऱ्या उतरल्या, की लाल बाजार लागतो. वर दुकाने आहेत ती लोकरीच्या कपड्यांची, चहापत्तीची, शोभेच्या वस्तूंची. भाव चढे. खरा घरचा बाजार खाली. रविवारी तिथे खेड्यांतून बायका माल घेऊन येतात. त्यांच्या पाट्या पाहताना माझा वेळ कसा जाई, कळत नसे. नेचाची कोवळी कुरळी डिरी, तिला निंगरो म्हणतात, ती जुडी बांधून विकतात. बांबूचे कोंब. पाला आंबवून वाळवलेला, त्याला गुंद्रुक म्हणतात. गोल लाल मिरची, बोराएवढी, डल्ले नावाची. मी एक चिमूटभर चाखली आणि आपल्या लवंगी मिरचीची क्षमा मागितली. मोठी काळी वेलची, आपण मसाल्यात घालतो ती, तिचे तर ते माहेरच. आणि छुर्पी, म्हणजे वाळवून दगडासारखे केलेले दुधाचे चीज. ते तोंडात धरून तासभर चघळायचे असते.

दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून कुठे कुठे सेलरोटीही मिळे. तांदूळ वाटून, साखर घालून, कढईत कडे काढून तळतात. आपल्या वड्यांची चुलत बहीणच. मी कढईजवळ उभी राहिले, तशी त्या बाईने मला न विचारता पिठाचा हात दाखवला. भाषा येत नव्हती, पण पीठ किती सैल हवे हे बायकांना हातानेच कळते.

पिशवी भरली, की पायऱ्या चढून मी वर येई. दम लागे. मग बाकावर बसे. रोज त्याच वेळी तिथे एक म्हातारी आजी बसलेली असे. त्यांच्याकडचा पायघोळ पोशाख, त्याला बखू म्हणतात, आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र बांधलेले. लग्न झालेल्या बायका ते बांधतात. हातात जपमाळ. मी पहिल्या दिवशी उभी राहिले, तशी तिने सरकून जागा दिली आणि म्हणाली, "बस्नुस्, बैनी." म्हणजे बसा, ताई. मी तिला आमा म्हणू लागले. तिकडे आईला आमा म्हणतात. आम्ही दोघी काय बोललो? काही नाही. ती जप करी, मी माणसे पाही. येणारा-जाणारा तिला थांबून विचारपूस करी. औषधाच्या दुकानातला मुलगा येऊन तिला गोळ्या देऊन जाई. कुणाची तरी सून बाळ तिच्या मांडीवर ठेवून दुकानात शिरे आणि परत आली की उचलून नेई. अंधार लवकर पडतो तिकडे, साडेचार-पावणेपाचला. दिवे लागले, की ती उठे आणि काठी टेकत, रस्त्याच्या मधूनच, कडेने नव्हे, सावकाश घरी जाई.

तिला असे मधून चालताना पाहिले आणि एके दिवशी मला रडू आले. तुम्ही म्हणाल, त्यात रडण्यासारखे काय? ते सांगते. त्यासाठीच आज उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंना तुम्ही सगळ्या ओळखता. आपल्या ह्या पेठेत त्या पन्नास वर्षे रोज संध्याकाळी निघत. आधी मारुतीला, मग भाजी, मग वाण्याकडे, आणि परत येताना चार घरी डोकावून. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची मुलगी दाखवायची आहे, कुणाकडे अडचण आहे, हे सगळे त्यांना ठाऊक. २०१९ च्या श्रावणात, सोमवारी, बेल घेऊन त्या येत होत्या. एका मोटारसायकलचा नुसता धक्का लागला. मुलगा वाईट नव्हता, थांबला, उचलले, दवाखान्यात आला. त्याचीही चूक म्हणू नये. एका बाजूला उभ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला हातगाड्या, मधून त्याने जावे तरी कुठून आणि आमच्या म्हातारीने चालावे तरी कुठून? खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळले, आता चाला. घरात चालतात त्या. पण उंबरा ओलांडत नाहीत. "गाड्या असतात गं," म्हणतात. मोडलेले हाड जुळले, पण पेठ त्यांची सुटली ती सुटलीच. तेव्हापासून त्या खिडकीत बसतात. आणि बोलणे कमी झाले आहे, ते आम्हाला घरात जाणवते.

म्हणून त्या आमाला पाहून मला रडू आले. दोघींचे वय सारखेच असेल. एक डोंगरात, चढ-उताराच्या गावात, रोज बाजारात येते. आणि दुसरी आपल्या सपाट गावात चार पावलांवरच्या मारुतीला मुकली आहे.

आता तिथे सगळे सोन्याचे आहे असे मी सांगणार नाही. खोटे बोलू नये. गाड्या त्या रस्त्यावरून गेल्या म्हणजे नाहीशा झाल्या नाहीत. त्या खालच्या रस्त्यावर तुंबतात, आणि मोठ्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची रांग लागते. दुकानांचा माल हमाल पाठीवर आणतात. कपाळाला पट्टा लावून, त्याला नाम्लो म्हणतात, पोत्यावर पोते घेऊन पायऱ्या चढतात. आपल्याला मोकळे फिरता यावे म्हणून कुणाच्या मानेवर ते ओझे असते, हेही मी पाहिले आहे. आणि तो रस्ता पुष्कळसा पाहुण्यांवर चालतो. ४ ऑक्टोबर २०२३ ला तिस्तेला महापूर आला, वरचे सरोवर फुटून. धरण वाहून गेले, रस्ते खचले. तेव्हा भावजयीने फोनवर सांगितले, की बाजारात बाहेरचे माणूस दिसत नाही, पण संध्याकाळी बाके गावच्या माणसांनी भरलेलीच आहेत. माझ्या मनाला तेवढे बरे वाटले.

मी परत आले आणि घरी हे सगळे सांगितले. आमच्या ह्यांचे पेठेत भांड्यांचे दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ते आत्ता दाराशी उभे आहेत, म्हणून मी जे बोलते ते त्यांच्या समोर बोलते. ते म्हणाले, "तू डोंगरातलं सांगू नकोस. इथे गाडी दुकानासमोर लावता आली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाईल. मग खा तुझी सेलरोटी." मी गप्प बसले. दुकानावर आमचे घर चालते. दोन मुलांचे शिक्षण त्यावर चालले आहे. त्यांचे भय खोटे नाही.

मग मुलाने मला वाचून दाखवले. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन. तिथला मोठा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला. आधी नुसता प्रयोग म्हणून. तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हटले होते, की धंदा बुडाला. पण माणसे चालत येऊ लागली, आणि १९६४ मध्ये तो प्रयोग कायमचा केला. तो रस्ता अजून चालू आहे. आपल्याकडे तर फार लांब जायला नको. माथेरानला मोटारी गावात जात नाहीत आणि तिथली बाजारपेठ चालतेच. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. एक दिवस गाड्या बंद ठेवून माणसांना रस्ता दिला.

तरी मी म्हटले, परदेशाचे आणि पुण्याचे राहू दे. आपलेच पाहू. एका शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी दुकानात ओट्यावर बसले. दोन वाट्या घेतल्या. समोरून गाडी गेली, की एका वाटीत वाटाणा टाकायचा. गाडीवरून उतरून गिऱ्हाईक आमच्या दुकानात आले, की दुसरीत हरभरा. हे हसत होते. सात वाजता वाटाण्याची वाटी शीग लागून सांडत होती, आणि हरभऱ्याच्या वाटीचा तळही झाकला नव्हता. बाकीची गिऱ्हाइके चालत आली होती. ज्या गाड्यांच्या भीतीने बायका पेठेत यायच्या थांबल्या, त्यातल्या बहुतेक नुसत्या इथून जाणाऱ्या होत्या. त्यांना आमच्याकडचे काही घ्यायचेच नव्हते.

पण हे हिशेबी माणूस आहेत. ते म्हणाले, "हरभरे थोडे, पण त्यातला एक पाण्याचं पिंप घेऊन गेला आणि एक लग्नाचं पातेलं. ते डोक्यावरून नेणार होते का?" ह्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. दोन दिवस विचार केला. मग म्हटले, पेठेच्या तोंडाशी एक हातगाडी आणि एक माणूस ठेवा, सगळ्या दुकानदारांनी मिळून. त्याला रीतसर मजुरी द्या. मोठे डाग तो गाडीपर्यंत पोचवील. पाठीवर ओझे नको, चाकावर असू दे. ह्यावर ते काही बोलले नाहीत. वीस वर्षांच्या संसारात मला एवढे कळले आहे, की ते नाही म्हणाले नाहीत म्हणजे अर्धे हो आहे.

आता आपल्याकडे वळते. दुकानदारांना बोल लावणे सोपे आहे. पण भाजीवालीच्या पुढ्यात स्कूटी उभी करून, खाली न उतरता, "एक जुडी कोथिंबीर दे गं," असे कोण म्हणते? आपणच. मीही ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून दोन गल्ल्यांवरच्या पिठाच्या गिरणीत गेले आहे. हळदीकुंकवाचे प्लॅस्टिकचे द्रोण दुसऱ्या दिवशी गटारात कुणाचे दिसतात? ह्या मंडळाचेच. तेव्हा नगरपालिकेकडे हात पसरण्याआधी आपले हात धुतलेले बरे.

माझे मागणे फार मोठे नाही. पेठ कायमची बंद करा असे मी म्हणत नाही. फरशा नकोत, फुलझाडे नकोत, दिव्यांचे खांब नकोत. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, संध्याकाळी पाच ते आठ, मारुतीच्या देवळापासून चौकापर्यंत गाड्या येऊ नयेत. आजारी माणसाची गाडी आणि आगीचा बंब सोडून. तीन महिने करून पाहावे. दुकानदारांचे नुकसान झाले, तर मीच पुढे होऊन बंद करा म्हणेन, कारण त्यात पहिले नुकसान माझ्या घरचे असेल. ह्या वेळात पेठेत चार बाके आपल्या मंडळाने द्यावीत. यंदा वर्धापनदिनाच्या जेवणाला फाटा देऊन तो पैसा त्यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. काही जणींना ती आवडणार नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून आत्ताच दिसते आहे. पण सूचना मांडायला हरकत नाही.

अर्ज मी लिहून आणला आहे. अक्षर माझे आहे, शुद्धलेखन मुलाने तपासले आहे. तो टेबलावर ठेवला आहे. पहिली सही सासूबाईंनी घरीच केली. त्यांना ती नीट यायला वेळ लागला. सही झाल्यावर त्यांनी विचारले, "शनिवारीच का गं?" मी म्हटले, "मारुतीचा वार ना, आई." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरच्या आपल्या जुन्या वहाणा काढून मागितल्या. मी त्या पुसून उंबऱ्याशी ठेवल्या आहेत. अजून त्या तिथेच आहेत.

हो, एक सांगायचे राहिले. निघायच्या आदल्या दिवशी आमाने मला छुर्पीचा एक तुकडा दिला होता. मी तो घरी आणून सासूबाईंना दिला आणि तिची हकीकत सांगितली. त्यांना दात नाहीत. तरी त्यांनी तो सबंध दुपार तोंडात धरला आणि संध्याकाळी म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, संपत नाही गं हे."

  आमचे हे अजून दाराशीच उभे आहेत, तेव्हा दुकानदारांच्या बाजूने काही बोलायचे असल्यास त्यांनाही पाच मिनिटे द्यावीत, अशी विनंती करते आणि माझे बोलणे संपवते.